दहा लिटरचा कुकर आणि थोरला मेंढा

मला थांबायला जमत नाही. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको. चहा नीट उकळायच्या आत मी गाळते, फोन उचलायला कुणी उशीर केला की ठेवून देते, आणि कुकरची शेवटची शिट्टी झाली रे झाली की पळीच्या दांड्यानं ती वर करून फुस्सकन वाफ सोडते. सांगलीत एका शाळेत मी गणित शिकवते. पोरांना रोज घसा फोडून सांगते, "पायऱ्या गाळू नका रे, उत्तराची घाई करू नका." आणि घरी आले की पायऱ्या गाळण्यात मीच पहिली. आमचे हे म्हणतात, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं ऐकलं होतं, आमच्यात बायकोच बाशिंग बांधून उभी." म्हणू देत. ताट वेळेवर पुढ्यात येतं ना? मग झालं.

तर अशा मला थांबायला शिकवलं ते एका म्हाताऱ्या मेंढ्याच्या मांडीनं.

माझं माहेर जत तालुक्यात. कोरडा मुलूख, जिरायत ज्वारी, उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. माझ्या वडलांकडं, आप्पांकडं, वीस-बावीस मेंढरं आहेत, आणि पोटच्या पोरांपेक्षा त्यांनी मेंढरांचेच लाड जास्त केले असं माझं प्रामाणिक मत आहे. सासर सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडच्या पुढं. तिथं कुठंही मान वळवा, ऊसच ऊस. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मामा फौजेतून निवृत्त झालेले, अजून पाठ ताठ, मिशा पिळलेल्या, पहाटे उठून दाढी. आत्यांचा तर आवाजच असा की त्या घरातून बोलल्या तरी शिवारातल्या माणसाला वाटावं आपल्यालाच बोलावलं.

सासरच्या गावची यात्रा वैशाखात असते. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. त्या दिवशी घरोघरी पाहुण्यांची पंगत बसते, आणि पंगतीत मान व्याह्याचा. लेकीच्या बापाला मधोमध बसवायचं, नळी आणि मोठी फोड पहिल्यांदा त्याच्या ताटात वाढायची, आणि त्यानं पहिला घास तोंडात घातल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? अवघड हेच की माझ्या बापाच्या तोंडात एक दात उरला नव्हता.

एके काळी आप्पा हाड असं फोडायचे की शेजारच्याला आवाज ऐकू जायचा. मग एकेक करून दात गेले. मी त्यांना मिरजेला नेऊन कवळी बसवून आणली. ती काही केल्या हिरडीवर बसेना. आप्पा ती सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, चष्म्यासारखी, आणि चार माणसांत जायचं झालं की तोंड फिरवून बसवायचे. पुढं माझ्या मावसभावाच्या लग्नानंतर वशाट, म्हणजे मटणाचं, जेवण झालं. आप्पांनी जुन्या सवयीनं नळीला तोंड लावलं, जोरात ओढली, आणि नळीबरोबर कवळी बाहेर आली ती थेट शेजारच्या म्हाताऱ्याच्या रश्श्यात. तो म्हातारा शांतपणे बोटं घालून ती वर काढून म्हणाला, "पावणं, ह्ये तुमचं हाय का?" पंगत हसून हसून आडवी झाली. आप्पाही हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

पण त्या दिवसापासून आप्पांनी चारचौघांत मटण खाणं सोडलं. ताटात काही वाढायला गेलं की हात आडवा करून "साकु, साकु" म्हणायचे. आमच्याकडं कानडी-मराठी एकाच तोंडात नांदते. साकु म्हणजे पुरे. आणि आमच्या यात्रेला यायचं तर त्यांनी साफ बंदच केलं. एका वर्षी मेंढी व्यायला झाली होती. दुसऱ्या वर्षी गुडघा धरला. आत्यांनी मला विचारलं, "काय गं, तुझ्या बापाला आमचं काय सलतंय का? दोन यात्रा झाल्या, पाय न्हाई लावला त्यानं हितं." मी काय सांगणार? आप्पांनी मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती, की दातांचं सासरी कुणालाही सांगायचं नाही. जावयालासुद्धा नाही.

या वर्षी यात्रेच्या महिनाभर आधी मी फोन केला. "आप्पा, यात्रेला यायचं."

"बघू की."

"बघू नाही. यायचं. तुमच्यासाठी मी मटण असं शिजवते की जिभेनं तुटंल. दातांचं काम नाही."

तिकडून मेंढरं हाकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बाय, तू म्हन्तीस तर येतो. पर येक सांगतो. तितं पंगतीत जर का माजं हसं झालं, तर मी तुज्या सासरची पायरी परत चडायचा न्हाई. मग मला बोलवायचं न्हाई आणि रडायचं बी न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. बापानं लेकीच्या घरी यायचं सोडावं, आणि तेही दातांपायी! मी त्याच संध्याकाळी माळ्यावरून दहा लिटरचा कुकर खाली काढला. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला घेतला होता, त्यानंतर तो तसाच उलटा पडून होता.

आमच्या भागात मटण म्हणजे फोडी करून रस्सा. पण रस्श्यातली फोड चांगली शिजली तरी तिला दात लागतोच. मामा फौजेतल्या गोष्टी सांगताना कधीतरी म्हणाले होते की साहेबांच्या मेसमध्ये अख्खी मांडीच्या मांडी झाकणबंद भांड्यात, थोड्याशा पाण्यावर, तासन् तास शिजवायचे, आणि साहेब ती सुरी न लावता चमच्यानं खायचे. "चमच्यानं, सूनबाई! मी सोता बघितलंय," असं ते दोनदा म्हणाले होते. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. अख्खी मांडी, झाकणबंद भांडं, थोडं पाणी. मग कुकर काय वेगळा आहे?

पहिल्या रविवारी मांडी आणली, मसाला चोळला, कुकरात घातली, वर तांब्याभर पाणी, सहा शिट्ट्या. फुस्स. झाकण काढलं. मटण चपलेसारखं. दुसऱ्या रविवारी बारा शिट्ट्या केल्या. आता शिट्ट्या मोजण्यात गणिताच्या बाईचा हात कोण धरणार? फुस्स. बाहेरून चिंध्या, आतून चामट. तिसऱ्या रविवारी म्हटलं पाणी कमी करावं, तर इतकं कमी केलं की सेफ्टी वॉल्व उडाला आणि छतावर हळदीचा गोल उमटला. तो अजून आहे. मुलगी म्हणाली, "आई, आपण पनीर करूया का?" मी तिच्याकडं असं बघितलं की ती अभ्यासाला जाऊन बसली.

शेवटी मी आमच्या खाटकाला शरण गेले. सांगलीत गेली बारा वर्षं मी त्याच्याकडूनच मटण घेते. बुटका, गोरा, बोलायला एकदम मऊ माणूस. मी तावातावानं सगळं सांगितलं. तो सुऱ्याला धार लावत ऐकत राहिला आणि म्हणाला, "ताई, शिट्ट्या मोजून मटण शिजत नसतं. एक शिट्टी होऊ द्या. मग ग्यास एकदम बारीक. पाऊण तास विसरून जा. मग ग्यास बंद करा, आणि पुन्हा विसरून जा. वाफ तिची ती जिरू द्या."

"आणि पळीनं काढली तर?"

त्यानं सुरा बाजूला ठेवला. "काढता व्हय तुमी? मग बरोबर हाय. आवं, वाफ एकदम काढली की मटण दचकतं. आखडून बसतं. मग घाला तुमचे दात."

मटण दचकतं! महिनाभर मी मटणाला दचकवत होते. चौथ्या रविवारी मांडीला खोल चिरा दिल्या, आलं-लसूण, हळद, मीठ आणि दही चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी कुकरात तेलावर चारी बाजूंनी लालसर परतली, खाली कांद्याचा थर, दोन वाट्या पाणी, एक शिट्टी, बारीक ग्यास. मग पाऊण तास मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बाहेर बसले आणि स्वयंपाकघराकडं पाठ केली. ग्यास बंद केल्यावर तर फार अवघड गेलं. पळी मी आधीच मुलीकडं देऊन ठेवली होती आणि तिला सांगितलं होतं की मी मागितली तरी द्यायची नाही. मी दोनदा मागितली. तिनं नाही दिली. झाकण निघालं तेव्हा मांडी चमच्यानं तुटली. मी ओट्यापाशी उभी राहून एकटीनं चार घास खाल्ले, दात न लावता, ओठ मुडपून, अगदी आप्पांसारखे. आणि घोडं गंगेत न्हालं असं समजून निवांत झाले.

यात्रेच्या पहिल्या, पुरणपोळीच्या दिवशी आप्पा सकाळच्या यष्टीनं सांगलीला उतरले. डोक्याला नवा पटका, हातात मोठा स्टीलचा डबा. लेकीच्या यात्रेला रिकाम्या हातानं यायचं नाही, आपल्या कळपातली मांडी घेऊन यायची, ही त्यांची रीत. मी डबा उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मांडी नव्हती ती, खांब होता. गडद लाल, जाड शिरा, हाड माझ्या मनगटाएवढं.

"आप्पा, ही कुठल्या मेंढ्याची?"

"थोरल्याची," आप्पा अभिमानानं म्हणाले.

थोरला म्हणजे कळपाचा म्होरक्या. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा ती त्याच्या पाठीवर बसायची. आता ती सहावीत आहे.

"आवं, कोकराची आणायची! ही कशी शिजायची? आणि तुमाला...?" मी आवाज खाली केला, कारण आमचे हे गाडी पुसत होते.

"येड्यावानी बोलू नगंस," आप्पा म्हणाले. "व्याह्याच्या यात्रेला कोकरू न्यायचं? लोक म्हन्तील, जतच्या पावण्याच्या कळपात ह्येवडंच हाय व्हय? नाक कापून घ्यू का?"

बघा म्हणजे झालं! हसं होऊ नये म्हणून महिनाभर माझी झोप उडाली, आणि मानासाठी या माणसानं तालुक्यातलं सगळ्यात चिवट मटण उचलून आणलं. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत असं म्हणतात. इथं दात नव्हतेच, आणि चणेही लोखंडाचे. मी चिडले, बडबडले, डबा आपटला. आप्पा शांतपणे चहा पीत म्हणाले, "तूच म्हनलीस न्हवं, जिभंनं तुटंल म्हनून? मग तोड."

मी खाटकाला फोन लावला. त्यानं वय विचारलं, माझं नव्हे, मेंढ्याचं. मग म्हणाला, "कच्च्या पपईचा कीस चोळा. आणि पाऊण तासाचा सव्वा तास करा. पण ताई, वाफेला हात लावला तर मग मला फोन करू नका."

दुसऱ्या दिवशी सासरी घरामागच्या परड्यात आत्यांची दोन मोठी पातेली चुलीवर चढली होती. आत्या मटणात सुपारीचं खांड टाकतात, त्यानं लवकर शिजतं म्हणतात. साठ माणसांचं मटण, तिखटाचा असा ठसका की रस्त्यानं जाणारा माणूस शिंकून पुढं जायचा. त्यांच्या शेजारी मी एका स्टुलावर शेगडी मांडली आणि माझा कुकर ठेवला. रात्रभर पपई चोळून ठेवलेली आप्पांची मांडी आत मावेना. नडगीचं टोक वर राहिलं आणि झाकण बसेना. मामांनी कोयता आणला आणि एका घावात सांधा तोडून दिला.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "पावण्याला कुकरातलं? आगं, पावना दवाखान्यात हाय का? चुलीवरची चव त्या डब्याला यायची हाय व्हय?"

"आत्या, एवढी मांडी माझ्यावर सोडा."

"सोड म्हन्तीस तर सोडते. पर दोन वर्सांनी आलाय तुझा बाप. त्येला बरं न्हाई वाटलं तर गावात आमचं नाव जाईल, तुझं न्हाई."

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः कुकरापाशी पाट मांडला असता. पण शपथ होती. एक शिट्टी झाली, मी ग्यास बारीक केला आणि मोबाइलवर सव्वा तास लावला.

मामा तेवढ्या वेळात तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, "मेसमदी करायचे तसंच हाय न्हवं ह्ये?" दुसऱ्यांदा नुसतेच उभे राहून वास घेतला. तिसऱ्यांदा विचारलं, "लय मऊ व्हईल का, सूनबाई?" मला वाटलं आत्यांनीच पाठवलंय, हेर म्हणून. मी तुटकपणे म्हणाले, "होईल तेव्हा कळेल, मामा." बिचारे गेले.

ग्यास बंद केला आणि नेमकी तेव्हाच पंगत बसली. ओसरीपासून अंगणापर्यंत दोन रांगा. मधोमध आप्पा, शेजारी मामा, त्यांच्या पलीकडं माझी मुलगी. ती दर वर्षी मामांच्या शेजारीच बसते, कारण मामा आपल्या ताटातल्या सगळ्या फोडी तिच्या ताटात टाकतात. "आमी फौजेत लय खाल्लं, आता रस्सा बास," असं म्हणून ते नुसती भाकरी रश्श्यात कुस्करून खातात. गावात सगळे म्हणतात, नातीवर जीव असावा तर असा. मीही म्हणायचे.

ताटं वाढून झाली. रस्सा वाफाळत होता. आप्पांच्या ताटात मटणाची जागा तेवढी रिकामी, आणि सगळी पंगत हात मागं घेऊन त्यांच्याकडं बघत बसलेली. आप्पा बघत होते माझ्याकडं. आणि कुकराची शिट्टी अजून घट्ट बसलेली, आत वाफ तशीच.

पाच मिनिटं गेली. सात गेली. कुणीतरी म्हणालं, "घोडं कुठं पेंड खातंय?" आत्या तरातरा परड्यात आल्या, म्हणाल्या, "आगं, माणसं ताटावर बसल्यात!" आणि त्यांनी पळी उचलून दांडा सरळ शिट्टीखाली घातला. अगदी तसाच, जसा मी जन्मभर घालत आले.

"आत्या, हात लावायचा नाही!"

मी किंचाळलेच. पंधरा वर्षांत मी त्यांच्यापुढं इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. अंगणापर्यंत गेलं ते. आत्यांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांचा चेहरा बघून मला रडूच आलं, पण मी कुकरापुढनं हलले नाही. म्हणाले, "आत्या, पाया पडते तुमच्या. दहा मिनिटं. आज माझ्यासाठी दहा मिनिटं थांबा."

आत्यांनी दांडा मागं घेतला. पळी माझ्या हातात दिली आणि चुलीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात ओसरीवरून मामांचा आवाज आला, कवायतीतला. "थांबू द्या! फौजेत साहेबासाठी उनात दोन-दोन तास थांबलोय. व्याह्यासाठी धा मिंटं थांबाय कुणाचं काय जातंय?" पंगत हसली आणि गप्पा सुरू झाल्या. मी हातात पळी घट्ट धरून शिट्टीकडं बघत बसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दहा मिनिटं.

मग शिट्टी आपोआप सैल झाली. झाकण काढलं. मी चिमट्यानं हाड धरून उचललं, तर नुसतं हाडच वर आलं. स्वच्छ, धुतल्यासारखं. मांस खाली कांद्यात तसंच बसलेलं. आत्या वळून बघत होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "अगं बया!"

मी तो मोठा तुकडा आप्पांच्या ताटात ठेवला. आप्पांनी बोटांनी नुसता दाबला, तो सुटला. त्यांनी घास तोंडात घातला. मी त्यांच्या जबड्याकडं बघत होते. जबडा एकदा हलला, दुसऱ्यांदा हलला, आणि गळ्याची घाटी खाली गेली. त्यांनी डोळे मिटले. मग उघडून पंगतीकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "काय बघताय? जेवा की!"

साठ हात एकदम ताटाला लागले. माझ्या जिवात जीव आला. मी दुसऱ्यांदा वाढायला गेले, आप्पांनी हात आडवा केला नाही. तिसऱ्यांदा गेले, तरी नाही. त्या दिवशी त्यांच्या तोंडून साकु काही निघालं नाही. कवळी तर त्यांनी आणलीच नव्हती, खिसा रिकामा होता. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या शाळेतले मुख्याध्यापकसुद्धा ठेवत नाहीत.

मी परत निघाले, तर मामा हळूच म्हणाले, "मला बी वाढ की गं त्यातलं."

मी वाढलं. ते म्हणाले, "आजून." मी अजून वाढलं. माझ्या मुलीनं सवयीनं ताट पुढं सरकवलं. "आजोबा, माझ्या फोडी?" मामांनी डाव्या हातानं ताट अलगद मागं सारलं आणि तोंडात घास ठेवून म्हणाले, "आज न्हाई, बाळा." सगळे हसले. मुलगी रुसली. मीही हसत हसत पुढच्या ताटाकडं गेले. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. गणिताची बाई!

जेवणं उरकली. आप्पा ओसरीवर आत्यांना थोरल्या मेंढ्याचा सगळा इतिहास सांगत होते आणि आत्या, माझा ओरडा विसरून, मान डोलावत होत्या. मी परड्यात नळावर कुकर घासत होते. मामा तिथं हात धुवायला आले. हात धुऊन झाले तरी जाईनात. उपरण्याला हात पुसत उभे राहिले, इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणाले, "सूनबाई, तो कुकर हितंच ऱ्हाऊ दे का?"

"हितं? कशाला, मामा? आत्यांना तर कुकरातलं..."

"तुझ्या आत्याला सांगू नगंस," ते घाईनं म्हणाले. फौजेत बंदुकीपुढं उभा राहिलेला माणूस, पण पोरासारखा जमिनीकडं बघत होता. मग त्यांनी तोंड उघडून बोटानं गाल बाजूला ओढला. समोरचे दात होते, मिशीखाली दिसणारे. आत दोन्ही बाजूंना एक दाढ शिल्लक नव्हती.

"कवापासनं, मामा?"

"झाली की दोन वर्सं. चावंना म्हनून सांगायचं कसं? तुझी आत्या येवढ्या हौसेनं करती. तिला वाटंल आता म्हातारं झालं माझं मानूस."

माझे हात साबणात तसेच राहिले. दोन वर्षं. दर यात्रेला, दर दिवाळीला, मी माझ्या हातानं त्यांच्या ताटात फोडी वाढल्या होत्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या माझ्या मुलीच्या ताटात गेल्या होत्या, आणि मी कौतुकानं बघत होते. शंभर कोसांवरच्या बापाच्या तोंडातले दात मला इथून दिसत होते. आणि दर खेपेला ज्याला "मामा, पोटभर जेवा" म्हणत होते, तो माणूस माझ्याच पंगतीतून भाकरी कुस्करून उठत होता. मला माझीच लाज वाटली. मी नुसतं म्हणाले, "मामा, मला सांगायचं तरी."

"आता सांगितलं न्हवं?" ते म्हणाले, आणि मिशीवरनं हात फिरवला. "पर तेवढं आत्याला..."

त्यांचं बोलणं अर्धंच राहिलं. मागं आत्या उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे. हातात माझी पळी. त्यांनी मामांकडं बघितलं, मग कुकराकडं, मग पुन्हा मामांकडं. मला वाटलं आता सगळं गाव गोळा होणार. पण त्या बाईचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा इतका हळू ऐकला.

"दोन वर्सं उपाशी उठलासा व्हय हो माझ्या हातच्या ताटावरनं?" त्या म्हणाल्या. डोळ्याला पदर लावला. मग माझ्या हातातला कुकर ओढून घेतला, नळाखाली धरला, आणि नेहमीच्या आवाजात, शिवारातल्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस? सांग, एक शिट्टी झाल्यावर किती येळ थांबायचं?"